चंचल मूल आणि घरातील वाचन
(सायखेडा येथे पालकांसमोर केलेले भाषण)



याच गोदामाईच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या टाकळीत समर्थ रामदासांनी तप केले, असे परंपरा सांगते. चंचल मनासाठी त्यांनी २०५ श्लोक रचले आणि दुसऱ्याच श्लोकात त्या मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली. आपण घरातील चंचल मुलाला कोणती हाक मारतो? ‘व्रात्य’, ‘बेशिस्त’!

लक्ष न टिकणे, थांबता न येणे, राग वा रडू न आवरणे, हे सतत आणि घरी-शाळेत सर्वत्र दिसत असेल, तर ते ‘एडीएचडी’ असू शकते. हा मेंदूच्या वाढीतील फरक आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तो आईच्या संस्कारांचा दोष नव्हे. निदान तज्ज्ञ डॉक्टरांनीच करावे; त्यांनी औषध दिल्यास संकोच नसावा.

मात्र घर कसे वागेल, हे वाचनाने ठरते. रसेल बार्कले यांचे ‘टेकिंग चार्ज ऑफ एडीएचडी’ (१९९५) हे इंग्रजी पुस्तक पालकांसाठीच आहे. घरातील शिकलेल्याने ते वाचून आजी-आजोबांनाही मराठीत समजावावे. एका वेळी एकच सूचना, ठरलेली दिनचर्या, चांगल्या कृतीचे तत्काळ कौतुक, एवढे सर्वांनी मिळून पाळावे. मूल संतापले असता आधी आपला आवाज खाली आणावा.

गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाची तक्रार खुद्द अर्जुनाने केली आहे. भगवंतांनी त्याला दूषण दिले नाही. अभ्यास आणि वैराग्य हा मार्ग दाखविला. आज घरी गेल्यावर आपणही प्रथम हाक बदलू या.