सल्ला देणाऱ्याने डबा विकू नये



 आहारतज्ज्ञ, डॉक्टर व प्रशिक्षकांची ही आपली परिषद कोल्हापुरात भरते आहे, तेव्हा खुराकापासूनच सुरुवात करते. इथल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळली जाते आणि पैलवान तिथेच उभा राहून धारोष्ण दूध पितो. तालमीतली थंडाई त्याच्या डोळ्यांदेखत घोटली जाते, बहुतेकदा तोच घोटतो. त्या खुराकात तूप जास्त असेल, आजच्या पोषणशास्त्राला तो सगळा पटणारही नाही. पण पोटात काय जाते हे पैलवानाला ठाऊक असते, आणि खुराक ठरवणारा वस्ताद बदामावर दलाली खात नाही. आजच्या जिममध्ये या दोन्ही गोष्टींची खात्री उरलेली नाही. मला प्रामुख्याने त्याबद्दल बोलायचे आहे.

सप्लिमेंट म्हणजे विष, असे सांगायला मी उभी नाही. क्रिएटिनचेच घ्या. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते १८३२ साली मांसात सापडले, आणि तोंडावाटे घेतलेले क्रिएटिन स्नायूंत साठते हे १९९२ साली हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. वीस-तीस सेकंद जीव तोडून केलेल्या, पुन्हा पुन्हा करायच्या कामाला त्याचा उपयोग होतो. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतात. मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्यांना फरकही जास्त जाणवतो. इथे बसलेल्या डॉक्टरांना एक विनंती. क्रिएटिन घेणाऱ्या मुलाच्या रक्तात क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते. मूत्रपिंड गेले म्हणून त्याला घाबरवण्याआधी तो काय घेतो ते विचारा, सिस्टॅटिन-सी तपासा.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ साली तज्ज्ञांचे मत प्रसिद्ध केले. कामगिरी थेट वाढवणारी, भक्कम पुरावा असलेली द्रव्ये त्यात पाचच निघाली: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि सोडियम बायकार्बोनेट. दुकानातली फळी मात्र छतापर्यंत भरलेली असते.

प्रोटीन पावडरबद्दल आपल्यातच दोन तट आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत ती टाळा असे सांगितले. सर्वसामान्यांसाठी ते योग्यच आहे. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात आणि ती डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन यांतून मिळतात. पण जोरकस व्यायाम करणाऱ्याला ही गरज किलोमागे १.४ ते २ ग्रॅमपर्यंत जाते. साठ किलोची, वसतिगृहात राहणारी, अंडे न खाणारी वेटलिफ्टर मुलगी ८४ ग्रॅम कुठून आणणार? मेसच्या पातळ आमटीतून तर नाहीच. तिने एक स्कूप घेतला तर मी तिला अडवणार नाही. व्हे म्हणजे चीज करताना उरलेल्या निवळीतली प्रथिने वेगळी काढून वाळवलेली भुकटी, त्यात भिण्यासारखे काही नाही. भीती आहे ती डब्यात नक्की काय आहे याची.

केरळच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता, आणि १४ टक्क्यांत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन होते. त्याआधी, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ उत्पादने तपासली होती. त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइड-वर्गातली द्रव्ये निघाली. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूला ‘डब्यावर लिहिले नव्हते’ एवढे म्हणून सुटता येत नाही, कारण शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी त्याचीच. डब्यावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक उत्पादकाचा असतो. तुमच्या हातातला डबा कुणी तपासला, असा त्याचा अर्थ होत नाही.

प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन सहज असते, आणि निरोगी प्रौढासाठी दिवसाची मर्यादा साधारण ४०० धरतात. दोन स्कूप, वर एनर्जी ड्रिंक, आणि पोरगा छातीत धडधडते म्हणून आपल्याकडे येतो. त्याहून वाईट म्हणजे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोसळणारा रक्तदाब सावरायला भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध आज आपल्या राज्यात व्यायामाआधी टोचले जाते. ही मुले व्यसनी म्हणून आलेली नसतात. कुणाला पोलीस भरतीची धाव मारायची असते, कुणाला नुसते चांगले दिसायचे असते. पावडरीपासून सुईपर्यंत त्यांना नेणारा माणूस बहुतेकदा ओळखीचा, विश्वासातला असतो.

हीच माझी तक्रार आहे, आणि ती आपल्याच व्यवसायाविरुद्ध आहे. प्रशिक्षकाचा पगार तुटपुंजा. डब्यामागचे कमिशन त्याला घर चालवायला लागते, हे मला मान्य आहे. ते पगार वाढवून मिटवायला हवे, आणि जिममालकांकडे ती मागणी आपण करू. पण आहारतज्ज्ञांचे काय? व्हिडिओखाली आपल्या नावाचे डिस्काउंट कूपन ठेवून आपण निःपक्ष सल्ला देतो म्हणायचे, हे मला पटत नाही. दवाखान्याच्या काउंटरवर डबे मांडणाऱ्या डॉक्टरांनाही मी तेच म्हणेन. विक्रीवर हिस्सा मिळणाऱ्याच्या तोंडून ‘तुला याची गरज नाही’ हे वाक्य सहजासहजी निघत नाही, आणि या मुलांना नेमके तेच वाक्य ऐकण्याची गरज असते.

आणखी एक. समोर बसलेल्या मुलाला ‘शेकरमध्ये काय काय टाकतोस?’ हे न रागावता विचारा. डबा घेऊन ये म्हणा. रागावलात तर तो पुढच्या वेळी लपवेल, आणि लपवलेल्या इंजेक्शनवर आपल्याला उपचार करता येत नाहीत.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. ज्या सदस्याला कोणत्याही सप्लिमेंटच्या विक्रीतून पैसे मिळतात, त्याने सल्ला देण्याआधी ते समोरच्याला तोंडी आणि लेखी सांगावे. आणि दोन वर्षांच्या आत सल्ला किंवा विक्री, यांपैकी एकच काम ठेवावे. आपल्यापैकी अनेकांच्या उत्पन्नाला याची झळ बसेल, हे जाणूनच मी तो मांडते आहे. कृपया जेवणानंतर निघून जाऊ नका. सभागृहात थांबा आणि या ठरावाच्या बाजूने मत द्या.