एका कपाटाची दोन कपाटं

ग्रंथालयांच्या तालुका संमेलनात अध्यक्षीय भाषणाची छापील पुस्तिका सकाळीच वाटून टाकतात, आणि दुपारपर्यंत तिचा उपयोग वारा घ्यायला होतो. यंदाच्या अध्यक्ष माईकसमोर आल्या, पुस्तिका सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाल्या, "आभार पान एकवर आहेत. मराठीच्या भवितव्याची काळजी पान दोन ते सात. घरी वाचा." मग ती टेबलावर पालथी घातली. बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या, गावाला नुसत्या 'बाई' म्हणून ठाऊक असलेल्या या अध्यक्षांना हा माईक पुन्हा मिळणार नव्हता. ते त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच पहिल्या रांगेलाही. तिथल्या तिघाचौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता कपाट निघणार होतं.

तालुक्यात 'कपाट' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच, की बाईंच्या ग्रंथालयात दाराशी एक काचेचं कपाट होतं. त्याच्या डाव्या दारावर पेंटरने 'बाल' लिहिलं आणि उजव्या दारावर 'साहित्य' लिहायला तो परत आलाच नाही. त्यामुळे ज्याच्या नावात किंवा विषयात 'बाल' आहे ते सगळं या कपाटात जायचं. विंदांचं 'एटू लोकांचा देश' आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर होताच, पण बालसंगोपन, बालआहार, लसीकरण, मालती कारवारकरांचं 'वंशवेल' हेही तिथेच. बालकवी होते. कुण्या उत्साही शिपायाने एकदा बालगंधर्वांचं चरित्रही त्यात नेऊन ठेवलं होतं.

पुढे ग्रंथालयाचा दर्जा वाढायची वेळ आली. तपासणीच्या आधी कार्यकारिणीने शास्त्रशुद्ध वर्गीकरणाचा ठराव केला. गोष्टींची पुस्तकं वरच्या मजल्यावर, कुलपाच्या बालविभागात गेली. मुलांच्या आरोग्याची पुस्तकं दशांश वर्गीकरणाप्रमाणे ६१८.९२ हा क्रमांक लावून मोठ्या दालनात गेली, जिथे सकाळ-संध्याकाळ पेपर वाचणारी पुरुषमंडळी पाय पसरून बसलेली असतात. झालं एवढंच. बाईंच्या मते मात्र तालुक्यातलं वाचन वारलं ते त्याच दिवशी, आणि त्याची तारीख दाखल नोंदवहीत आहे. मोबाईल, बंद पडलेल्या मराठी शाळा, पुस्तकांच्या किमती या सगळ्याला त्यांनी हाताने बाजूला सारलं. "मोबाईल नंतर आला. आधी कुलूप आलं."

हे जरा फारच होतं. पण बाईंकडे हिशेब होता. कपाट एक होतं तेव्हा पोर आईचा हात धरून यायचं. पोर राक्षसाच्या गोष्टीत शिरलं की आई रिकामी उभी राहायची, आणि तिच्या डोळ्यांसमोरच्या कप्प्यात 'सहा महिन्यांपर्यंत काय द्यावं' असायचं. पुस्तक मागायला ती आलीच नव्हती. तिला कुणी विचारलं असतं तर 'मला कशाला, मुलाला न्यायला आले' असंच ती म्हणाली असती. वेगळं दालन, वेगळा क्रमांक झाल्यावर तिला ते पुस्तक मागावं लागणार होतं, तेही मोठ्याने, टेबलावर, पेपरवाल्यांसमोर. ती मागत नाही. म्हणून मग म्हणायचं की बायका वाचत नाहीत.

"१२ ऑगस्टला रंगनाथनांच्या फोटोला हार कोण घालतं? आम्हीच," बाई म्हणाल्या. "त्यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले. त्यातले दोन वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देण्याचे आहेत. आमच्या काही थोर मंडळींनी हार घालायचा नियम तेवढा पाळला." काही थोर मंडळी कोण, हे कुणी विचारलं नाही. मंचावर बसलेल्या खजिनदारांनीही त्या ठरावाला हात वर केला होता, हे अर्ध्या मंडपाला आठवत होतं. बाईंनी त्यांचा उल्लेख "आपले खजिनदार, ज्यांची त्या वेळी अडचण होती" असा केला आणि पुढे गेल्या. अध्यक्षपदाच्या या निवडणुकीत खजिनदारांनी बाईंसाठी बारा ग्रंथालयांची मतं फिरवली होती.

मग त्या इतिहासात शिरल्या, आणि तिथे त्यांचं पारडं खरोखर जड होतं. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी हे कप्पे कधी पाडलेच नाहीत. सदाशिव काशीनाथ छत्र्यांचं 'बाळमित्र' आलं १८२८ साली. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' सुरू केलं तेव्हा एकाच अंकात चरित्र, कविता आणि शास्त्रीय विषय शेजारी शेजारी बसवले. वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्यात गोष्ट संपते तिथे विज्ञानाचं पान उघडतं. नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या त्याही कुठल्या एका कप्प्यात मावत नव्हत्या, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं तेव्हा तरी मराठीने ते मान्य केलं. भा. रा. भागवतांना मात्र ते अध्यक्षपद कधी मिळालं नाही. "भागवत म्हटलं की आपल्याला कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई आठवतात. आठवाव्यातच. पण फुरसुंगीचा बनेश फेणे दोन पिढ्यांनी वाचला, त्याच्या बापाला आपण पोरखेळ म्हणून बाहेर बसवलं."

परी-राक्षसांमुळे मुलं बिघडतात असं म्हणणाऱ्यांचा समाचार त्यांनी उभ्या उभ्या घेतला. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त वैभव मांगले चेटकीण होऊन आले तेव्हा नाट्यगृहात पोरं किंचाळत होती आणि त्यांच्या आया त्यांच्याहून जास्त. कुणी बिघडलं नाही. 'हॅरी पॉटर'चं पहिलं पुस्तक मराठीत आणताना बाळ ऊर्ध्वरेषे यांनी 'फिलॉसॉफर्स स्टोन'ला 'परीस' म्हटलं. बाई इथे थांबल्या, तो शब्द पुन्हा उच्चारला आणि म्हणाल्या, "तीन अक्षरं. परभाषेतली सगळी किमया आजीच्या गोष्टीत आली. हे काम ज्याला हलकं वाटतं त्याने एक शब्द असा शोधून दाखवावा." आणि लगेच, माईकपासून तोंड न वळवता, "संस्कारकथांचे पंचवीस-पंचवीसचे संच विकत घेऊन ठेवलेत बालविभागात. पानं अजून चिकटलेली आहेत. बिलं मात्र कुणाच्या दुकानाची, ते विचारू नका." मंडपात खसखस पिकली. पहिल्या रांगेतल्या एकाला फोन आला आणि तो बाहेर गेला.

इथून भाषण बाळंतिणीच्या खोलीत गेलं. बाईंचं पहिलं मूल झालं तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या आणि घरातही. सासूबाईंनी मध आणि उगाळलेलं सोनं तयार ठेवलं होतं, चीक पिळून टाकायचा हेही ठरलेलं होतं. बाईंनी कपाटातलं बालसंगोपनाचं पुस्तक घरी आणलं होतं. पण चार दिवसांच्या बाळंतिणीने सासूसमोर पुस्तक उघडून शहाणपण शिकवायचं, ही काही त्या घराची रीत नव्हती. त्यांनी ते पुस्तक 'चांदोबा'च्या अंकात घातलं. मद्रासहून येणाऱ्या त्या अंकाचं आकारमान मोठं, आत काहीही झाकलं जायचं. नणंदेची पोरं गोष्ट ऐकायला गोळा झाली. बाईंनी गोष्ट रचली ती अशी, की एका राजाच्या नवजात बाळाच्या अंगाला पहिल्या तासातल्या पिवळ्या दुधाचं चिलखत चढतं, आणि मधाच्या बुधलीत एक राक्षस मुटकुळं करून झोपलेला असतो. मोठ्यांच्या पोटात तो जागा होत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात होतो. शास्त्राच्या भाषेत तो बोटुलिझमचा जिवाणू, त्याचे बीजाणू मधात टिकतात. सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. चीक पाजू दिला, मधाची वाटी फडताळात गेली. सोनं मात्र त्यांनी उगाळलंच.

"म्हणून मी म्हणते की ती दोन पुस्तकं एका कपाटातली आहेत." हा त्यांच्या सगळ्या भाषणाचा गाभा होता, आणि त्याला त्यांनी गडचिरोलीचा दाखला दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी गावातल्या दाईकडून श्वास मोजून हवे होते. लहान बाळाचा श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला की धोका. पण ज्या दाईला साठपर्यंत आकडे येत नाहीत तिने काय करायचं? त्यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची सर असं साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी संपले तर बाळ आजारी. बाई म्हणाल्या, हे वर्णन एखाद्या पोराला नुसतं वाचून दाखवा आणि विचारा, हे परीकथेतलं की दवाखान्यातलं. पुढे त्यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं, आणि १९९९ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या गावांतल्या बायकांना हे सगळं कळेल अशा भाषेत सांगावं लागलं, तेव्हा कुठे ते झालं.

आणि मग बाईंनी पर्समधून तीन चमचे काढले.

कार्यक्रमपत्रिकेत चमच्यांचा उल्लेख नव्हता, पण ओळखीच्यांना ते अपेक्षित होते. एक चहाचा, एक पोहे खायचा, एक मसाल्याच्या डब्यातला चिमुकला, दांडी वाकलेला. तिन्ही चमचे टेबलावर ओळीने मांडून त्यांनी विचारलं की आरोग्याच्या पुस्तकात 'अर्धा चमचा मीठ' असं छापलेलं असतं तेव्हा यातला कुठला घ्यायचा. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पटकीच्या रोग्यांना साखर-मिठाचं पाणी पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. त्या जलसंजीवनीला 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये शतकातला बहुधा सगळ्यांत मोठा वैद्यकीय शोध म्हटलं. पाकीट मिळालं तर उत्तमच. पण रात्री दोन वाजता पाकीट नसलं तर प्रमाण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाईंनी 'सपाट' हा शब्द सहा वेळा उच्चारला. पोह्याच्या चमच्याने, वर शीग लावून मीठ घातलं तर औषधाचं विष होतं, कारण जुलाबाने सुकलेल्या बाळाच्या रक्तात मीठ आणखी वाढतं. आणि तरी बाईंच्या ग्रंथालयातल्या तीन पुस्तकांत नुसता 'चमचा' आहे. चित्र नाही, माप नाही, 'सपाट' नाही. एका प्रकाशकाला त्यांनी अकरा पत्रं पाठवली. उत्तर आलं ते पुढच्या सूचीचं.

"फँटसी लिहिणारा आपल्या जगाचे नियम मोडत नाही. एटू लोकांच्या देशात शिरलात की तिथल्यासारखंच वागावं लागतं. पोरं एक चूक खपवून घेत नाहीत, लगेच सांगतात, मागच्या पानावर तर तो मेला होता! आणि आईच्या हातात द्यायच्या पुस्तकात चमच्याचं माप चुकलं तर चालतं?" या प्रश्नावर टाळ्या पडल्या. चमच्यांवर त्यांची एकूण अकरा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मसालेभाताचा वास मंडपात आला आणि मागच्या दोन रांगा अर्ध्या रिकाम्या झाल्या.

बाईंनी तेही पाहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हे त्यांनी भाताकडे निघालेल्यांच्या पाठीकडे बघत सांगितलं. त्यात कपाटाचा दोष किती, हे मात्र सांगितलं नाही. बहुधा पूर्ण, असंच त्यांच्या मनात असावं.

स्वागताध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. बाईंनी ती माईकवर वाचली, "'वेळ झाली आहे, कृपया आटोपते घ्यावे.' अक्षर ओळखीचं आहे. याच अक्षरात तो ठराव लिहिलेला आहे." मग त्यांनी नवा ठराव मांडला, की तालुक्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाने दाराशी, बाईमाणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एकच बिनकुलपाचं कपाट ठेवावं, त्यात मुलांच्या गोष्टी आणि मुलांच्या आरोग्याची पुस्तकं एकत्र असावीत, आणि त्यावर क्रमांक कुठलाही असो, 'बाल' एवढंच लिहावं. अनुमोदन खजिनदारांनी दिलं. विषयपत्रिकेवर नसलेला ठराव घेता येतो का, यावर मंचावर कुजबुज झाली. बाई उभ्याच राहिल्या, हात मोजत. जेवणाच्या रांगेतूनही काही हात वर आले, त्यातल्या दोघांच्या हातात ताटं होती.

चिटणीस ठराव लिहून घ्यायला लागले आणि एका शब्दाशी अडले. बालगंधर्व त्या कपाटात राहणार की जाणार, असं त्यांनी विचारलं. बाई चमचे पर्समध्ये टाकत होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "एक मुलगा ते तीनदा घेऊन गेलाय."