उजव्या हाताने जेवलो
(लाखनी येथील मेळाव्यातील मनोगत)



दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत मी बांधीतच पडलो. तोंड वाकडे, उजवा हात लुळा. लकवा! घरच्यांनी कबुतराच्या रक्ताने मालिश करवली. दवाखाना दुसऱ्या दिवशी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. माझी वेळ गेली होती. घरच्यांना दोष देत नाही; मीही तेच केले असते.

तुमच्या मदतीतून आमच्या टोल्यावर येणाऱ्या ताईने घरधनीणीला बजावले, "काकांना भरवू नका." वाटीतले धानाचे दाणे लुळ्या हाताने एकेक उचलायचे, रोज. महिनाभर एकही उचलला नाही. रागाने वाटी फेकली. तिने दाणे वेचून पुन्हा समोर ठेवले. चौथ्या महिन्यात उजव्या हाताने जेवलो. पेंढी बांधणे अजून जमत नाही.

शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतले मृत्यू तपासले. सातातला एक लकव्याने झालेला!

तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली, की लगेच १०८ ला फोन करा. आणि बरे वाटते म्हणून बीपीची गोळी सोडू नका. मी सोडली होती.