डिंक आणि दांत

गोंदिया हें नांव ‘गोंद’ म्हणजे डिंक या शब्दावरून पडलें, अशी एक समजूत आहे. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या वनमय जिल्ह्यांत डिंकाची ओळख कोणास करून द्यावी लागत नाहीं. पण डिंकाचा दांतांशीं असलेला संबंध पुष्कळांस ठाऊक नसेल. मध्य भारताच्या कोरड्या जंगलांतील पांढुरक्या सालीच्या कढई वृक्षाचा डिंक कवळी बसविण्याच्या चूर्णांत विसाव्या शतकांत देशोदेशीं वापरला गेला. लाळेनें तो फुगतो, कवळी व हिरडी यांमधील फट भरतो, कांहीं तास कवळी धरून ठेवतो आणि मग विरून जातो.

कवळीस एवढें पुरे. परंतु किडलेल्या दांतांत भरलेली भर वर्षानुवर्षें टिकली पाहिजे. पूर्वीं दंतवैद्य किडीबरोबर निरोगी भागही कोरून, तोंडाशीं अरुंद व तळाशीं रुंद अशी खोबण करीत. तींत भरलेला धातू अडकून राही. दांत वाचविण्यासाठीं दांताचाच कांहीं भाग खर्चीं पडे.

१९५५ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांनीं निराळा मार्ग दाखविला. दांताच्या वरच्या कठीण कवचावर, म्हणजे एनॅमलवर, त्यांनीं फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट ठेवून धुऊन काढलें. आम्लानें गुळगुळीत कवचावर सूक्ष्म छिद्रें पडतात. त्यांत पातळ कृत्रिम राळ शिरून कठीण झाली म्हणजे असंख्य बारीक मुळ्यांप्रमाणें ती कवच पकडून धरते.

एनॅमलखालचें डेंटिन मात्र ओलसर व तंतुमय असतें. आम्लानें त्यांतील क्षार निघाले कीं तंतूंचें जाळें उघडें पडतें. या जाळ्यांत राळ मुरून दोहोंचा एक मिश्र थर बनतो, हें जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनीं १९८२ सालीं दाखविलें. हें जाळें फाजील वाळलें तर मिटतें, आणि लाळ लागली तर पकड दुबळी होते. दंतवैद्य कापसाच्या सुरळ्या ठेवून ‘तोंड मिटूं नका’ असें बजावतो, तें याकरितांच. निळ्या प्रकाशानें राळ कठीण होईपर्यंत रोग्यानें धीर धरला पाहिजे.

डिंक पृष्ठभागावर बसतो, राळ पृष्ठभागाच्या आंत शिरते. यास्तव दांतावरची टोपी निखळल्यास ती बाजारांतील गोंदानें घरींच चिकटविणें व्यर्थ, किंबहुना अपायकारक होय. टोपी जपून ठेवावी आणि दंतवैद्य गांठावा.