दृष्टी आणि अवधान

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाची संहिता)



फळ्यावर शब्द ठळक लिहिलेला असूनही वहीत चुकीचा उतरला, की मुलाला हमखास विचारले जाते, ‘डोळे कुठे होते तुझे?’ डोळे उघडे असले म्हणजे समोरचे सारे दिसतेच, असे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते. मानसशास्त्रातील प्रयोग मात्र वेगळेच सांगतात.

डॅनियल सायमन्स व डॅनियल लेव्हिन यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात केलेला एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. एक अनोळखी माणूस नकाशा घेऊन वाटसरूला रस्ता विचारतो. बोलणे चालू असताना दोन माणसे एक मोठे दार वाहून नेत त्यांच्या मधून जातात. त्या आडोशात विचारणारा नाहीसा होतो व त्याच्या जागी दुसराच उभा राहतो. कपडे निराळे, आवाजही निराळा. तरी १५ वाटसरूंपैकी ८ जण काहीच न घडल्यासारखे रस्ता सांगत राहिले. या अनुभवाला बदलांधत्व म्हणता येईल.

असे का होते? रोनाल्ड रेन्सिंक व सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याची उकल केली. एक चित्र, क्षणभर कोरा पडदा, मग किंचित बदललेले चित्र, असे आळीपाळीने दाखवले असता ठळक बदलही चटकन सापडेना. एरवी बदल होताना जाणवणारी हालचाल नजर वेधून घेते. कोरा पडदा तिलाच झाकून टाकतो. मग एकेका वस्तूवर लक्ष नेऊन शोध घ्यावा लागतो. कोणत्या वस्तूकडे पाहायचे हे शब्दाने सुचवले, तर मात्र बदल लवकर सापडतो.

ज्ञानी माणसेही यातून सुटत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ क्षकिरणतज्ज्ञांपैकी २० जणांना त्याच प्रतिमांत मुद्दाम घातलेले गोरिलाचे चित्र दिसले नाही. त्यांपैकी अनेकांची नजर नेमकी त्यावर पडली होती. लक्ष गाठींवर होते, गोरिला कोणीच शोधत नव्हते.

घर आणि शाळा यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ‘मला दिसलेच नाही’ असे सांगणारे मूल खोटे बोलत असेलच असे नाही. त्याला रागावण्यापेक्षा कुठे पाहायचे ते एका शब्दाने दाखवणे अधिक उपयोगी. दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांची. प्रगतिपुस्तकातील गुणांवरच लक्ष खिळलेल्या घरात मुलाचे अबोल होणे, डबा न संपवणे, मित्रांना टाळणे हे सारे डोळ्यांसमोर घडूनही दिसत नाही. प्रेम कमी नसते. लक्ष दुसरीकडे असते. म्हणून दिवसातून थोडा वेळ तरी काहीही न मोजता मुलाकडे पाहावे.