सैन्यातील वर्षे आणि नागरी निवृत्तिवेतन

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहसंबंध, मुलांवरील संस्कार अशा विषयांचा ऊहापोह होतो. यंदा आम्ही जो विषय आपणांपुढे मांडणार आहोत तो वरकरणी रुक्ष, हिशेबी वाटेल. परंतु तो ज्यांच्या घराशी निगडित आहे, त्यांच्या म्हातारपणाच्या भाकरीचा तो प्रश्न आहे. अमेरिकेच्या सैन्यात काही वर्षे सेवा करून नंतर केंद्र सरकारच्या नागरी नोकरीत शिरलेल्या आपल्या मुलामुलींची ती सैनिकी वर्षे निवृत्तिवेतनात कशी मोजली जातात, हा तो विषय होय.

सैन्य आणि पेन्शन हे शब्द आपल्या समाजाला परके नाहीत. बाबासाहेबांचे पिताजी सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाले. ती पेन्शन आणि पुढे सातारा येथे मिळालेली नोकरी यांच्या आधारावर त्यांनी मुलांना शिकविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती इंग्रज सरकारने बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या सेवानिवृत्त सैनिकाने तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पुढे 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. केलेल्या सेवेची नोंद कागदावर व्हावी आणि तिचे फळ हक्काने मिळावे, यासाठी आपल्या वाडवडिलांनी लेखणी झिजविली. म्हणूनच हातात असलेला हक्क केवळ अर्ज न केल्यामुळे गमावणे आपणांस शोभणारे नाही.

आता मूळ विषयाकडे वळू.

ग्रीन कार्डधारकासही अमेरिकेच्या सैन्यात भरती होता येते. चार-सहा वर्षांची सेवा करून, त्या आधारे शिक्षण घेऊन आणि नागरिकत्व मिळवून पुष्कळ तरुण टपाल खाते, माजी सैनिकांची रुग्णालये, करखाते अशा ठिकाणी कायम नोकरीस लागतात. त्यांना जी निवृत्तिवेतन योजना लागू होते तिला सर्वजण 'फर्स' म्हणतात. ती 1987 पासून अमलात आहे.

तिचा हिशेब सोपा आहे. ज्या सलग तीन वर्षांत मूळ पगार सर्वांत जास्त होता, त्या तीन वर्षांची सरासरी काढावयाची. तिचा 1 टक्का घेऊन त्यास सेवेच्या एकूण वर्षांनी गुणावयाचे. वय 62 किंवा अधिक आणि सेवा 20 वर्षे किंवा अधिक असताना निवृत्त झाल्यास 1 टक्क्याऐवजी 1.1 टक्का धरतात. म्हणजे प्रत्येक वाढीव वर्षाला मोल आहे.

येथेच पहिला गैरसमज होतो. सैन्यातून निवृत्त न होता बाहेर पडलेल्या माजी सैनिकाची ती वर्षे रजेच्या हिशेबात आपोआप धरली जातात. 3 वर्षांची सेवा झालेल्यास दर पगारी पंधरवड्यास 4 तासांऐवजी 6 तास आणि 15 वर्षे झालेल्यास 8 तास रजा मिळते. रजेच्या कागदावर सैन्यातील वर्षे दिसली की माणूस निर्धास्त होतो. त्याला वाटते, पेन्शनीतही ती आलीच असणार. मात्र पेन्शनीचा नियम स्वतंत्र आहे. 1956 नंतरच्या सैनिकी सेवेसाठी रक्कम भरल्याखेरीज 'फर्स'मध्ये त्या सेवेचा एक दिवसही धरला जात नाही.

मंडळाच्या कामात आम्हांला असे एक बंधू भेटले. सैन्यात 4 वर्षे आणि नंतर एका सरकारी खात्यात 20 वर्षांहून अधिक काळ त्यांनी प्रामाणिकपणे काम केले. निवृत्तीनंतर पहिला धनादेश हाती आला तेव्हा त्यांनी चौकशी केली. सैन्यातील वर्षे त्यात नव्हती. तोवर नोकरी सुटलेली होती आणि रक्कम भरण्याची वेळही निघून गेली होती. त्यांच्या पत्नीने आम्हांला एवढेच विचारले, "हे आम्हांला आधी कोणी का सांगितले नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आज हे भाषण आहे.

ही रक्कम किती असते? सैन्यात असताना मिळालेल्या मूळ वेतनाच्या 3 टक्के. घरभाडे, भोजन इत्यादी भत्ते त्यात धरत नाहीत. केवळ 1999 व 2000 या वर्षांच्या सेवेसाठी हा दर किंचित अधिक आहे. जुन्या 'सिव्हिल सर्व्हिस' योजनेखालील कर्मचाऱ्यांसाठी तो 7 टक्के होता. त्या योजनेतील आता फारच थोडे लोक नोकरीत उरले आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीने 4 वर्षांच्या सैनिकी सेवेत एकूण 1,00,000 डॉलर मूळ वेतन मिळविले. तिला 3,000 डॉलर भरावे लागतील. निवृत्तीच्या वेळी तिच्या तीन वर्षांची सरासरी 90,000 डॉलर असेल, तर त्या 4 वर्षांमुळे तिचे निवृत्तिवेतन वर्षाला 3,600 डॉलरने वाढेल, 1.1 टक्क्याचा लाभ मिळाल्यास 3,960 डॉलरने. भरलेली रक्कम पहिल्याच वर्षात वसूल होते आणि वाढ आयुष्यभर राहते. शिवाय ही वर्षे निवृत्तीच्या पात्रतेतही धरली जातात. वयाच्या 60 व्या वर्षी निवृत्त होण्यास 20 वर्षे सेवा लागते. नागरी सेवा 16 वर्षांची असेल तर सैन्यातील 4 वर्षे ती उणीव भरून काढतात. मात्र किमान 5 वर्षांची नागरी सेवा प्रत्यक्ष झालेली असलीच पाहिजे.

व्याजाची बाबही ध्यानात ठेवावी. नोकरी लागल्यापासून पहिली 2 वर्षे व्याज नाही. त्यानंतरचे व्याज वर्षाच्या अखेरीस चढते, म्हणून 3 वर्षे पूर्ण होण्याच्या आत सर्व रक्कम भरणाऱ्यास ते मुळीच द्यावे लागत नाही. पुढे मात्र चक्रवाढीने ते वाढत जाते. पंधरा-वीस वर्षे उशीर झालेल्यांनीही निराश होऊ नये. व्याज धरूनही हा व्यवहार बहुधा फायद्याचाच ठरतो. परंतु नोकरीत असेपर्यंतच तो करता येतो.

कार्यपद्धती अशी आहे. सैन्यातून बाहेर पडताना मिळालेला डी.डी. 214 हा कागद जपून ठेवावा. त्याच्या प्रतीसह आर.आय. 20-97 हा नमुना आपल्या सैन्यदलाच्या वेतन कार्यालयाकडे पाठवावा. तेथून मूळ वेतनाचा आकडा येतो. तो आकडा, डी.डी. 214 आणि एस.एफ. 3108 हा अर्ज आपल्या खात्याच्या कर्मचारी विभागाकडे द्यावा. रक्कम एकदम भरता येते किंवा पगारातून हप्त्यांनी कापून घेता येते. संपूर्ण रक्कम जमा झाल्याचा लेखी दाखला घ्यावा आणि तो घरच्यांना ठाऊक असेल अशा ठिकाणी ठेवावा. कर्मचारी नोकरीत असतानाच मृत्यू पावला, तर हयात पती किंवा पत्नीस ही रक्कम भरता येते. आमच्या भगिनींनी ही गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावी.

सर्वच सैनिकी सेवा मोजली जाते असे नाही. सेवा सन्मानपूर्वक संपलेली असावी आणि ती प्रत्यक्ष पूर्णवेळ कर्तव्यावरील असावी. राखीव दलातील शनिवार-रविवारच्या कवायती यात येत नाहीत. जे 20 वर्षे पूर्ण करून सैनिकी पेन्शन घेत आहेत त्यांना तीच वर्षे नागरी पेन्शनीत धरावयाची असल्यास सैनिकी पेन्शन सोडावी लागते. युद्धात आलेले अपंगत्व किंवा राखीव दलाची पेन्शन अशा काही प्रकरणी यातून सूट आहे. अशांनी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. सैन्यातून निवृत्त न होता बाहेर पडलेल्यास अपंगत्वाची भरपाई मिळत असेल, तर ती मात्र यासाठी सोडावी लागत नाही.

राज्य आणि नगरपालिका यांच्या योजना वेगळ्या आहेत. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्यात 2016 च्या कायद्याने युद्धकाळाची अट काढून टाकली आणि पात्र माजी सैनिकांस कमाल 3 वर्षांची सेवा रक्कम भरून जोडून घेण्याची मुभा दिली. आपापल्या राज्याचा नियम प्रत्येकाने विचारून घ्यावा.

मायदेशी ज्यांचे वडील किंवा बंधू सैन्यातून येऊन केंद्राच्या नागरी नोकरीत लागले, त्यांच्यापुढेही असाच पर्याय असे. 1972 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे सैनिकी पेन्शन चालू ठेवली तर ती वर्षे नागरी सेवेत धरली जात नसत. धरावयाची असल्यास घेतलेली पेन्शन आणि उपदान परत करावे लागे. 1 जानेवारी 2004 पासूनच्या नव्या भरतीस वेगळी अंशदायी योजना लागू झाली. दोन्ही देशांत तत्त्व एकच आहे : तेच वर्ष दोनदा मोजता येत नाही आणि मागितल्याशिवाय कोणी मोजून देत नाही.

बंधू-भगिनींनो, आमची विनंती एवढीच आहे. घरी गेल्यावर आपल्या मुलाला, सुनेला, जावयाला विचारा : सैन्यातील वर्षांची रक्कम भरली का? दाखला कोठे आहे? उत्तर नकारार्थी असेल तर याच महिन्यात अर्ज धाडा. ज्यांना कागद भरणे अवघड वाटते त्यांच्याजवळ आमच्यापैकी कोणीही बसेल. त्यात संकोच नको. देशासाठी दिलेली उमेदीची वर्षे आपल्या माणसांच्या उतारवयात उपयोगी पडावीत, हीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!