शेजारचा डोंगर : लोहगड-विसापूरचा धडा

(थेरगाव येथे दुर्गप्रेमी तरुण व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावर अडणारे पवनेचे पाणी पवन मावळातून येते. त्या खोऱ्यावर लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार दुर्ग शतकानुशतके पहारा देत उभे आहेत. लोहगडाच्या दक्षिण उतारावरचा पाऊस पवनेला मिळतो, उत्तर उतारावरचा इंद्रायणीला. गिरणी-कारखान्यांच्या या नगरीला दुर्ग म्हणजे दूरची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात थेरगावकराच्या ओंजळीतले पाणी त्या डोंगरांचे ऋण घेऊनच येत असते.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारसा म्हणून घोषित केली. महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा बारा दुर्गांच्या त्या मालिकेत लोहगड आहे. प्रत्येक मराठी मनाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होय. परंतु केवळ अभिमानाने इतिहास कळत नाही. त्यासाठी गड पायी चढावा लागतो आणि चढताना तो वाचावा लागतो.

चिंचवडहून लोणावळ्याची लोकल पकडावी, मळवलीस उतरावे आणि भाजे गावातून वर निघावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली भाजे लेणी वाटेतच भेटतात. बोरघाटातून उतरणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाची ती साक्ष आहेत. जेथे मार्ग, तेथे व्यापार. आणि जेथे व्यापार, तेथे राखणीला दुर्ग, हा सह्याद्रीचा न्याय आहे. पुढे गायमुख खिंड लागते. येथे वाट दुभंगते. एका हाताला लोहगडवाडी व लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर.

पावसाळी रविवारी या खिंडीत उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. माणसांचा लोंढा लोहगडाकडे वळतो. विसापूरच्या वाटेला मोजकीच पावले लागतात. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी देखणी द्वारमालिका आहे, रुंद पायऱ्या आहेत, विंचूकाट्याची माची आहे, नाना फडणवीसांच्या काळातील सोळाकोनी तळे आहे. विसापूरकडे रान आहे, ढासळलेला तट आहे आणि पावसाळ्यात ज्यातून पाणी खळाळते असा दगडी जिना आहे. म्हणून पर्यटक लोहगड पाहतो आणि परततो. परंतु अभ्यासकाला लोहगडाचे मर्म विसापूरवर गेल्यावाचून उमगत नाही. कारण विसापूर लोहगडाहून सुमारे ५० मीटर उंच आहे आणि तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यात आहे. ज्याच्या हाती विसापूर, त्याच्या दयेवर लोहगड!

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरणात याविषयी स्पष्ट शिकवण आहे. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये. असल्यास सुरुंगाने फोडून तो गडाच्या आटोक्यात आणावा. तेही शक्य नसेल तर ती जागा मोकळी न सोडता बांधून बळकट करावी, असा तिचा आशय आहे. ही शिकवण मोठी किंमत मोजून मिळालेली होती. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान पुरंदरावर चालून आले, तेव्हा आधी शेजारचा वज्रगड पडला. मग तेथून पुरंदरावर मारा सुरू झाला. मुरारबाजी देशपांडे यांनी देह ठेवला, पण गडाची बाजू सावरली नाही. जूनमध्ये झालेल्या तहात २३ किल्ले द्यावे लागले; त्यांत लोहगड आणि विसापूरही होते. १६७० साली लोहगड पुन्हा स्वराज्यात आला.

तरीही १८१८ साली तोच प्रसंग पुन्हा ओढवला. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती गेले होते, फेब्रुवारीत आष्टीच्या रणात बापू गोखले पडले होते. ४ मार्च १८१८ रोजी लेफ्टनंट कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला आणि लगोलग लोहगडही शत्रूच्या स्वाधीन झाला. त्याच प्रॉथरने मे महिन्यात रायगड घेतला, तोही समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून.

विसापूरला तट होता, पाण्याची टाकी होती, बुरूज होते. दगड आपल्या जागी होते; त्यांना अर्थ देणारे मनुष्यबळ विखुरले होते. शिवकाळात गड एका माणसाच्या भरवशावर नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांनी मिळून कारभार करावा, हा दंडक सभासदाने नोंदवला आहे. गडाखालच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग आदी समाजांतील माणसे चौक्या-पहारे सांभाळीत. सदरेवरचा अधिकारी आणि पायथ्याचा पहारेकरी यांना जोडणारा विश्वास हीच गडाची खरी तटबंदी होती. ती खचली आणि चिरेबंदी तट उघडा पडला.

हा धडा गडावरच ठेवून यायचा नसतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे मोटारींचे कारखाने आले आणि पवनाकाठच्या गावांची उद्योगनगरी झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर भारत अशा नाना ठिकाणांहून माणसे पोटासाठी येथे आली. आज प्रत्येक सोसायटीला फाटक आहे, पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत. प्रत्येकाचा लोहगड बळकट आहे. भिंतीपलीकडे एका खोलीत चौघे राहणारे कंत्राटी कामगार, मुले परदेशी गेल्याने एकाकी पडलेले वृद्ध, शाळेतून गळलेला मुलगा ही मात्र मोकळी सोडलेली विसापूरची उंची आहे. तेथे व्यसन शिरते, वैफल्य शिरते, समाज फोडणारा शिरतो; आणि एके दिवशी त्याची झळ बंदिस्त घरालाही लागते. शेजारी सुखरूप नसेल, तर आपणही सुखरूप नसतो. हे उपकाराचे नव्हे, दुर्गशास्त्राचे सूत्र आहे.

म्हणून पुढील दुर्गयात्रेचा संकल्प थोडा निराळा असावा. पावसाचा जोर ओसरल्यावर, वाट जाणणाऱ्यास बरोबर घेऊन, प्रथम विसापूर चढावा आणि त्याच्या तटावरून लोहगड पाहावा. प्रत्येक कुटुंबाने आपल्या शिदोरीत आणखी एका घराची भाकरी बांधावी आणि ज्याने सह्याद्री कधी पाहिलाच नाही, अशा शेजाऱ्याच्या मुलाला सोबत न्यावे. गडावर नेलेली प्रत्येक वस्तू, रिकाम्या बाटलीसह, खाली आणावी. नावे कोरून गडावर हक्क सांगता येत नाही. हक्क राखणदाराचा असतो. आणि घरी परतल्यावर त्या मुलाच्या दाराशी जाणे थांबवू नये. चढाई एका दिवसाची असते, पहारा मात्र रोजचा असतो.